‘काउंटी’, ‘हंड्रेड’ आणि ‘पॅरिश’ : मराठीत काय लिहावे?

इंग्लंडमधील नॉरफोक काउंटीच्या मध्ययुगीन चर्चांवर मराठीत लेख लिहिणाऱ्या एका वाचकाने दोन गोष्टी विचारल्या आहेत : ‘काउंटी’ला परगणा म्हणावे का, आणि ‘पॅरिश’साठी, म्हणजे एका चर्चचा ठरलेला परिसर व त्यातले लोक यांसाठी, वसईकडच्या ख्रिस्ती मराठीत रूढ असलेला ‘धर्मग्राम’ हा शब्द चालेल का? माझ्या मते परगणा हा शब्द काउंटीसाठी वापरू नये, तो हंड्रेडसाठी, म्हणजे काउंटीच्या जुन्या पोटविभागासाठी, राखून ठेवावा. धर्मग्राम हा शब्द उत्तम घडलेला आहे; तरीही या विषयावरच्या लेखात मुख्य शब्द म्हणून पॅरिशच ठेवावा.

परगण्याचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सोपा आहे. मोगली व्यवस्थेत सुभ्याखाली सरकार, सरकाराखाली परगणा आणि परगण्यात गावे अशी उतरंड होती, आणि आपल्याकडे देशमुख-देशपांडे हे परगण्याचे वतनदार असत. म्हणजे परगणा हा जिल्ह्याच्या पोटातला विभाग झाला. बंगालमधील एका जिल्ह्याचे नावच ‘चोवीस परगणा’ होते. नॉरफोक ही सुमारे ५,४०० चौरस किलोमीटरची काउंटी असून तिचे तीसहून अधिक हंड्रेड होते. प्रत्येक हंड्रेडमध्ये अनेक गावे येत, त्याची स्वतःची न्यायसभा भरे, आणि १०८६ च्या डूम्सडे पाहणीत, म्हणजे इंग्लंडमधील जमिनींच्या सरकारी मोजदादीत, गावांच्या नोंदी हंड्रेडच्या नावाखाली आलेल्या आहेत. परगणा हा शब्द या विभागाला आकारानेही शोभतो आणि कामानेही. तो काउंटीसाठी खर्च केला, तर हंड्रेडची पाळी आल्यावर लेखकाच्या हाती शब्दच उरत नाही, आणि नॉरफोकच्या स्थानिक इतिहासात ती पाळी वारंवार येते. फर्सफील्डचे रेक्टर, म्हणजे तेथील पॅरिशचे धर्मगुरू, फ्रान्सिस ब्लोमफील्ड यांनी अठराव्या शतकात या काउंटीचा इतिहास लिहायला घेतला, तो हंड्रेडवारच. काउंटी हा शब्द मराठी वाचकाला पुरेसा ओळखीचा आहे, तेव्हा तो तसाच ठेवावा.

पॅरिशचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. वसईकडे धर्मगुरू, धर्मग्राम आणि धर्मप्रांत हे शब्द सहज बोलले जातात, आणि धर्मगुरूच्या देखरेखीखालील भाविकांचा समुदाय व त्याचा परिसर हा अर्थ धर्मग्राम या शब्दातून चोख उतरतो. मध्ययुगीन इंग्लंडमधील पॅरिशमध्ये मात्र एक गोष्ट जास्तीची होती, ती म्हणजे जमिनीवर आखलेली पक्की शीव. शेतातल्या पिकाचा दशमांश कोणत्या चर्चला द्यायचा, हे या शिवेवरून ठरत असे. म्हणून शीव विसरली जाऊ नये यासाठी वसंत ऋतूतील रोगेशन सणाच्या दिवसांत गावकरी मिरवणुकीने ती फिरून येत. रीफम या छोट्या गावी एकाच आवारात रीफम, व्हिटवेल आणि हॅकफर्ड अशा तीन पॅरिशांची तीन चर्च होती, याचे कारण तीन शिवा तेथे मिळतात. त्यांपैकी हॅकफर्डचे चर्च १५४३ मध्ये जळाले, दोन आजही उभी आहेत. येथे पॅरिशचे भाषांतर नुसते ‘गाव’ असे केले, तर वाचक गोंधळून जाईल. नॉरिच शहरात तर जुन्या तटाच्या आत आजही तीसहून अधिक मध्ययुगीन चर्च आहेत, आणि ती जवळजवळ सगळी आपापल्या पॅरिशची होती.

पॅरिश म्हणजे नेमके कोण, हे विंडम येथील चर्चच्या इमारतीत डोळ्यांनी दिसते. हे गाव फोरहो हंड्रेडमधले. तेथे ११०७ मध्ये बेनेडिक्टाइन संन्याशांचा मठ स्थापन झाला आणि त्याच्याच चर्चमध्ये पॅरिशच्या लोकांचीही उपासना चाले. जागेवरून आणि घंटांवरून दोन्ही पक्षांत तंटे झाले, ते पोपपर्यंत गेले, आणि नेव्ह, म्हणजे लोक जेथे जमतात तो चर्चचा लांबट भाग, पॅरिशच्या वाट्याला आला. पुढे इ.स. १४०० च्या सुमारास संन्याशांनी मध्यभागी अष्टकोनी मनोरा उभारला आणि आपला भाग भक्कम भिंतीने वेगळा केला. त्यानंतर पंधराव्या शतकाच्या मध्यात पॅरिशने पश्चिम टोकाला आपला चौकोनी मनोरा बांधायला घेतला. १५३८ मध्ये मठ बरखास्त होऊन संन्याशांचा पूर्वेकडील भाग पाडला गेला, पण नेव्ह पॅरिशचे असल्यामुळे वाचले. आज अष्टकोनी मनोऱ्याची रिकामी कमान उघड्यावर उभी आहे आणि दोन मनोऱ्यांमधल्या नेव्हमध्ये उपासना चालू आहे. आजची वेदी आहे ती त्याच आडव्या भिंतीला लागून. या इतिहासात पॅरिश हा मठाविरुद्ध भांडणारा, वर्गणी काढणारा, मनोरा बांधणारा पक्ष आहे. ‘विंडमचे पॅरिशवासी’ असे लिहिले की तो पक्ष वाचकासमोर उभा राहतो. ‘विंडमचे भाविक’ असे लिहिले, तर संन्यासीही भाविकच होते, मग भांडण कोणाचे ते कळत नाही.

पॅरिश हाच शब्द ठेवण्याचे दुसरे कारण नंतरच्या काळातले आहे. १५३८ पासून बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या पॅरिशवार ठेवल्या जाऊ लागल्या, आणि १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणासाठी कर वसूल करण्याचे काम पॅरिशकडे सोपवले. १८९४ च्या कायद्याने ग्रामीण भागात निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिल आल्या, त्यांचा चर्चच्या कारभाराशी संबंध नाही. अशा ठिकाणी ‘धर्मग्राम परिषद’ हा शब्दप्रयोग सरळसरळ चुकीचा ठरेल, आणि एकाच लेखात तेराव्या शतकासाठी धर्मग्राम व एकोणिसाव्या शतकासाठी पॅरिश लिहिले, तर ती एकच परंपरा आहे हे वाचकाच्या लक्षात येणार नाही. म्हणून पॅरिश हा शब्द पहिल्यांदा येईल तेथे ‘पॅरिश, म्हणजे स्वतःचे चर्च आणि स्वतःची शीव असलेला धर्मग्राम’ अशी ओळख करून द्यावी आणि पुढे पॅरिश हेच चालवावे. निव्वळ उपासनेच्या संदर्भात कोठे धर्मग्राम आले, तर त्याला माझी हरकत नाही.

विशेषनामांबाबत प्रश्नात काही नसले, तरी लेख लिहिताना अडचण येईल म्हणून सांगतो. या भागातली नावे स्पेलिंगवरून वाचू नयेत : शहराचे नाव ‘नॉरविच’ नसून नॉरिच आहे, आणि वर आलेल्या विंडमच्या स्पेलिंगमध्ये (Wymondham) उच्चारात न येणारी अक्षरे बरीच आहेत. ‘नॉरफोकशायर’ असेही लिहू नये. नॉरफोक म्हणजे उत्तरेकडचे लोक, सफोक म्हणजे दक्षिणेकडचे. लोकांवरून पडलेल्या या नावांना ‘शायर’ लागत नाही.