पहिली एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी कायद्याची) केस? आधी वजन बघ

अरे, क्लायंट मिळाला म्हणून लगेच बेल अर्ज टाईप करायला बसू नकोस, आधी पंचनाम्यातलं वजन बघ कारण सगळा खेळ तिथेच आहे. गांजा 1 किलोपर्यंत असेल तर जास्तीत जास्त 1 वर्ष आणि 10 हजार दंड, पण 20 किलोच्या वर गेला की कमीत कमी 10 वर्षं, शिवाय कलम 37 आडवं येतं म्हणजे बेल महाकठीण. एमडीला (मेफेड्रोन) तर 50 ग्रॅमच्या वरच कमर्शियल, म्हणजे गांजाच्या 20 किलोच्या वर असल्यासारखंच, अंधेरी-बांद्र्याच्या पोरांना याचा पत्ताच नसतो.

मग नेमकं काय मोजलंय ते वाच. कायद्यात गांजा म्हणजे फुलं-फळं आलेले शेंडे, ते नसतील तर नुसती पानं-बिया त्यात येत नाहीत, आणि पंचनाम्यात 'पाने, काड्या, बिया' सरसकट एकाच गोणीत वजन केलेलं असलं तर तिथेच धर.

कलम 50 (मॅजिस्ट्रेट किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडतीचा हक्क) सगळेच पुढे करतात पण ते अंगझडतीपुरतं, नुसत्या बॅगेत माल सापडला तर कामाचं नाही. कलम 67 खालचा, म्हणजे तपास अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या तोफान सिंग निकालापासून पुरावा म्हणून चालत नाही. आणि पोरगा व्यसनी असून माल थोडाच असेल तर 64अ खाली उपचाराचा रस्ता आहे, घरच्यांना तो आधी सांग.