आधी तारीख सांगा, मग टक्के

परताव्याचा आकडा तोंडपाठ, पण तो कधीपासून कधीपर्यंतचा हे माहीत नाही, असा गोंधळ पत्रांतून येतच राहतो. म्हणून आज फक्त सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या 30 मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक.

सेन्सेक्सच्या आकड्यात लाभांश धरलेला असतो का? (नाशिकरोड)

नाही. तो धरून काढलेला टोटल रिटर्न इंडेक्स वेगळा असतो.

सोसायटीत एक एजंट आले होते. ‘सेन्सेक्सने चार वर्षं वर्षाला 30 टक्के दिलेत’ म्हणाले. ग्रॅच्युइटीचे पैसे घालू का? (सातपूर)

तुम्ही जोडलेलं पत्रक पाहिलं. गुळगुळीत कागद, वर चढत गेलेली हिरवी रेघ आणि डाव्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत ‘मार्च 2020’. मेख तिथेच आहे. 23 मार्च 2020 ला करोनाच्या धास्तीने सेन्सेक्स एका दिवसात 3,900 हून जास्त अंशांनी कोसळला आणि 25,981 वर बंद झाला. मार्च 2024 अखेर तो 73,651 होता. चक्रवाढीने 30 टक्क्यांच्या आसपास होतात, म्हणजे आकडा खोटा नाही. तारीख मात्र वेचून काढलेली आहे.

शेवट तोच ठेवा आणि सुरुवात 8 जानेवारी 2008 ची धरा. त्या दिवशी सेन्सेक्स 20,873 होता. परतावा लगेच 8 टक्क्यांवर येतो! एप्रिल 1992 मध्ये, हर्षद मेहताच्या तेजीत, 4,400 च्या वर शिरलेल्याला मार्च 2003 अखेर काय दिसलं? 3,100 च्याही खालचा आकडा. अकरा वर्षं थांबून मुद्दलातच घट, महागाईचं तर बोलूच नका.

मग 1979 पासून मोजू, तेव्हाचा सेन्सेक्स 100 धरलेला आहे, असं कुणी म्हणेल. मार्च 2024 पर्यंतच्या 45 वर्षांत वर्षाला सुमारे 16 टक्के पडतात. पण सेन्सेक्स सुरूच झाला 1 जानेवारी 1986 ला. आधीची वर्षं मागे जाऊन मोजलेली आहेत आणि तेव्हा इंडेक्स फंडही (निर्देशांकातल्याच कंपन्यांचे शेअर घेणारे फंड) नव्हते. शिवाय यादीतल्या कंपन्या बदलत राहतात. घोटाळा उघड झाल्यावर जानेवारी 2009 मध्ये सत्यम ही आयटी कंपनी यादीबाहेर गेली. तुमच्याकडे तेव्हा सत्यमचे शेअर असते, तर ते आपोआप बदलले गेले नसते.

एजंटला दोनच प्रश्न विचारा: ‘2008 पासून किती?’ आणि ‘यात तुमचं कमिशन किती?’ तोवर सही करू नका. घरखर्च, आजारपण, कर्ज यांचा हिशेब घेऊन सेबी-नोंदणीकृत, फक्त फी घेणाऱ्या सल्लागाराकडे जा. ग्रॅच्युइटी एकदाच मिळते.

द्राक्षांचे पैसे आलेत. दोन वर्षांनी मुलीचं लग्न आहे. तोवर इंडेक्स फंडात ठेवू? (निफाड)

नको. बँकेत मुदत ठेव करा. कर्जाचे हप्ते असतील तर आधी बँकेत बसून त्यांचं बोलून घ्या.

बाजार मोठा पडणार, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. थांबू का? (गंगापूर रोड)

तुम्हीच लिहिलंय की 2021 मध्ये सेन्सेक्सने 50,000 गाठल्यापासून थांबला आहात. अजून किती? पडझड होणारच, पण तिची तारीख फॉरवर्ड करणाऱ्यालाही ठाऊक नसते. दहा-बारा वर्षं लागणार नाहीत एवढेच पैसे दरमहा एसआयपीने (ठरावीक हप्त्याने) घाला. रक्कम किती, ते सल्लागाराशी बोलून ठरवा.

सेन्सेक्स की निफ्टी? (सिडको)

निफ्टी हा राष्ट्रीय शेअर बाजाराचा 50 कंपन्यांचा निर्देशांक. लांबच्या मुदतीत दोघांत फारसा फरक नाही. फंडाचा खर्च बघा.