कंबर केव्हा दुखते?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझं वय २६. बार्शीला कापडाच्या दुकानात काउंटरवर असतो. चार वर्षं झाली, कंबर दुखते. पहाटे तीन-चारला जाग येते, कूस बदलता येत नाही. उठून अंगणात फेऱ्या मारल्या की जरा मोकळं वाटतं. सकाळी पँट चढवायला त्रास होतो, पण दहा वाजता दुकान उघडेपर्यंत बरा असतो. रविवारी पडून राहिलो तर सोमवार वाईट जातो. घरचे म्हणतात उसण भरली आहे. पायाळू माणसाचा पाय लावून झाला, शेक, तेल, पट्टा, फळीवर झोपणं, सगळं झालं. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकल्याचं आलं. ऑपरेशन सांगितलंय आणि वडील त्यासाठी शेताचा तुकडा विकायला निघालेत. मागच्या वर्षी एक डोळा दोनदा लाल होऊन दुखला होता, त्याचा याच्याशी काही संबंध नसावा. ऑपरेशन करू का?

उत्तर : वडिलांना आधी सांगा, शेत विकायची घाई करू नका. डोळ्याचा संबंध नसावा असं तुम्ही लिहिलंय, मला मात्र तुमच्या सगळ्या पत्रात तेच वाक्य सर्वांत मोलाचं वाटलं.

कंबरदुखी म्हटलं की आपण सगळे, डॉक्टरसुद्धा, ‘कुठे दुखतं’ एवढंच विचारतो. ‘केव्हा दुखतं’ हे तुम्ही न विचारताच लिहिलंत. गादी सरकल्याचं किंवा नस दबल्याचं दुखणं सहसा कामानं, वाकण्यानं, ओझ्यानं वाढतं आणि आडवं झालं की उतरतं. तुमचं नेमकं उलटं आहे. विश्रांतीनं वाढतं, चालल्यानं कमी होतं, उत्तररात्री झोपेतून उठवतं, सकाळी तास-दोन तास अंग लाकडासारखं ठेवतं. आणि सुरुवात झाली बाविसाव्या वर्षी. हे वर्णन सूज असलेल्या कण्याचं आहे. या आजाराला अँकिलॉझिंग स्पाँडिलायटिस म्हणतात. शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणाच कण्याच्या सांध्यांवर उलटते. वर्षानुवर्षं सूज राहिली तर तिथे नवं हाड धरू लागतं आणि मणके एकमेकांना जोडले जातात. पत्रावरून मी निदान करू शकत नाही, पण हा आजार आहे की नाही हे ठरल्याशिवाय कुणीही तुमच्या कमरेला सुरी लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

हे इतक्या आग्रहानं लिहिण्याचं कारण घरचं आहे. माझा थोरला भाऊ १९८९ साली २२ वर्षांचा होता. मी शाळेत होते. रात्री मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून त्याच्या कमरेला शेक द्यायचे. त्यालाही पट्टा बांधला, वजनं लावून ताण दिला, सहा आठवडे अंथरुणावर सक्तीची विश्रांती दिली. त्या सहा आठवड्यांनी त्याचं जेवढं नुकसान केलं तेवढं कशानंच केलं नसेल. अकरा वर्षांनी त्याचा डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. नेत्रतज्ज्ञांनी डोळा तपासता तपासता सहज विचारलं, “सकाळी उठल्यावर कंबर आखडते का हो?” तोवर हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. या आजाराच्या बऱ्याच रुग्णांना डोळ्याच्या आत सूज येते. वरवर ती ‘डोळे आले’ असं वाटते, म्हणून थेंब टाकून विषय संपतो. आज माझ्या भावाची मान वळत नाही. रस्ता ओलांडताना त्याला अख्खं अंग वळवून पाहावं लागतं.

आता एमआरआयचं. त्यात आलेलं खोटं नाही, पण तेच दुखण्याचं कारण असेल असं नाही. ज्यांची कंबर कधीच दुखली नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांची गादी फुगलेली दिसली आणि ऐंशीच्या घरात हे प्रमाण ८४ टक्के होतं. शिवाय हा आजार बहुधा जिथे सुरू होतो ते सांधे कमरेच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये नीट येत नाहीत. कमरेच्या खाली, मागे दोन्ही बाजूंना खळ्या पडतात ना, तिथे आत हे एसआय सांधे असतात. साध्या एक्स-रेत त्यांच्यातला बदल दिसायला कित्येक वर्षं लागू शकतात. एमआरआय त्याच सांध्यांचा काढला तर सूज आधी दिसू शकते.

म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडची फाइल घेऊन एकदा रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाततज्ज्ञांकडे जा. ते सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी) आणि एचएलए-बी २७ (एक जनुक शोधणारी) या रक्ततपासण्या सांगतील. सीआरपी नॉर्मल आलं म्हणून आजार नाही असं समजू नका. बी २७ चा या आजाराशी संबंध १९७३ मध्ये लक्षात आला. तो बहुतेक रुग्णांत सापडतो, पण तो असलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार कधीच होत नाही. त्यामुळे नुसत्या त्या कागदावरून घाबरू नका. टाच दुखते का, अंगावर सोरायसिसचे चट्टे आहेत का, घरात कुणी असं वाकलेलं आहे का, हे आठवून जा.

आजार निघाला तर रोजचा व्यायाम हेच अर्धं औषध. मान, खांदे, छाती मोकळी करणारे प्रकार फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. उशी पातळ ठेवा, दिवसातून पंधरा-वीस मिनिटं पालथं झोपा. विडी-सिगारेट असेल तर ती सुटायलाच हवी, तिच्यानं कणा लवकर ताठरतो. सुजेच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशाच घ्या, पोट आणि मूत्रपिंडावर लक्ष ठेवून. तेवढ्यानं भागलं नाही तर उलटलेल्या संरक्षक यंत्रणेला आवर घालणारी बायोलॉजिक इंजेक्शनं आहेत. महाग आहेत, पण भारतात बनणारी स्वस्त पर्यायी औषधंही आता मिळतात. ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी झालीच पाहिजे, कारण शरीरात दडलेला टीबी त्यांनी उसळतो. आणि कुणी ‘हमखास’ पुड्या दिल्या, दोन दिवसांत पळायला लागलात, तर आनंद मानू नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे.

पायातली ताकद गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर गोष्ट वेगळी. मग एक दिवसही थांबायचं नाही.

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तीन महिने पाठीच्या मधोमध दुखतंय, रात्रीसुद्धा. संध्याकाळी अंग कोमट लागतं, वजन पाच किलोंनी उतरलं. एक्स-रे नॉर्मल आला. हॉस्टेलच्या जेवणामुळे आणि अभ्यासाच्या ताणानं असेल का? आता जिना चढताना पाय जड पडतात म्हणते.

उत्तर : ताई, हे उत्तर छापून येईपर्यंत थांबावं लागू नये म्हणून संपादकांना सांगून तुम्हाला फोन करवला आहे. इथे लिहितेय ते इतर आयांसाठी.

संध्याकाळचा बारीक ताप, उतरतं वजन आणि एकाच जागी टिकून राहिलेलं पाठीचं दुखणं ही तिन्ही एकत्र आली की आपल्याकडे मणक्याच्या टीबीचा विचार पहिल्यांदा करायचा. खोकला असायलाच हवा असं नाही. हाड बरंच झिजल्याशिवाय एक्स-रेत काही दिसत नाही, म्हणून त्या ‘नॉर्मल’वर विसंबू नका. पाय जड पडणं म्हणजे मज्जारज्जूवर दाब येत असल्याची शक्यता. १७७९ साली लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी कण्याचा बाक आणि त्यासोबत लुळे पडणारे पाय यांचं वर्णन केलं होतं, ते हेच.

एमआरआय तातडीनं लागेल, आणि शक्यतो त्या जागेचा तुकडा सुईनं काढून तपासावा लागेल. औषध कुठलं लागू पडेल तेही त्यातून कळतं. उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, पोषणासाठी महिना १००० रुपये खात्यात जमा होतात. गोळ्या वर्षभर किंवा त्याहूनही जास्त चालतील. दोन महिन्यांत मुलगी हसू-खेळू लागेल तेव्हा त्या बंद करण्याचा मोह होईल, तेव्हा तुम्हीच तिच्यासमोर बसून गोळी द्या. वेळेवर सुरू झालं तर बहुतेकांचे पाय पूर्ववत होतात.

दवाखान्यात केसपेपर काढतानाच ‘पाय जड पडतायत’ हे आधी सांगा. ‘पाठ दुखते’ एवढंच सांगितलंत तर बाहेर बाकावर दुपार होईल.