30 पैकी 19? आधी उत्तरपत्रिका मागा

आईंच्या स्मरणशक्तीच्या चाचणीबद्दलची तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. आई 76 वर्षांच्या, शाळा चौथीपर्यंत, कानाने जरा कमी, एमएमएसई या स्मरण आणि आकलन तपासणाऱ्या चाचणीत 30 पैकी 19 आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर थेट 'डिमेन्शिया', म्हणजे स्मृतिभ्रंश. निदान बरोबरही असेल, मी डॉक्टर नाही. पण नुसत्या 19वरून ते ठरत नाही.

हिशेब बघा. ही चाचणी 1975 सालची, अमेरिकेत बेतलेली. 24च्या खाली गेलं की संशय घ्यायचा, असा प्रघात. त्यात शंभरातून सात-सात वजा करत जायला 5 गुण, वाचून तसं करायला 1, वाक्य लिहायला 1, एकमेकांत अडकलेले पंचकोन काढायला 1. हे 8 गुण शाळेचे. पाटी लवकर सुटलेल्या बाईंचे हे आठ गेले आणि बाकी सगळं अचूक आलं, तरी बेरीज 22. आजार नसताना नापास! हरियाणात बल्लभगढच्या खेड्यांसाठी एचएमएसई ही हिंदी आवृत्ती बनवली गेली ती याचसाठी. तिच्यात वजाबाकीऐवजी वार उलटे म्हणायचे, आणि 'डोळे मिटा' हे वाचायचं नाही, तपासणारा करून दाखवतो तसं करायचं. मोका या अशाच दुसऱ्या चाचणीत कमी शिकलेल्यांना 1 गुण वाढवून देतात, पण चौथी पासला तो कुठे पुरणार?

म्हणून गुण कुठे गेले ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. आमची सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. एका रुग्णालयाने फक्त बेरीज लिहून दिली, मूळ कागद 'रेकॉर्डला लागतो' म्हणून ठेवून घेतला, आणि आम्ही मान डोलावली. दुसऱ्या डॉक्टरांनी गुण कशात गेले विचारलं तर सांगायला काही नाही. तीच चाचणी लगेच पुन्हा घेण्यात अर्थ नसतो, प्रश्न ओळखीचे झालेले असतात. झेरॉक्स देत नसतील तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी विनंतीला तिथे कोणी विचारत नाही.

कागद मिळाला की तीन शब्दांची ओळ शोधा. तपासणारा तीन शब्द सांगतो, लगेच म्हणून घेतो आणि मध्ये दुसरं काही करवून पुन्हा विचारतो. लगेच म्हणतानाच 'घर'चं 'गर' झालं असेल, तर तो प्रश्न आधी कानाचा. शब्द नीट म्हटले आणि थोड्या वेळाने एकही आठवला नाही, तर मात्र ते मनावर घ्या. मोकामध्ये न आठवलेल्या शब्दाला इशारा देता येतो. इशाऱ्याने गुण मिळत नाहीत, पण 'फुलाचं नाव होतं' म्हटल्यावर आठवतं की तरीही पाटी कोरी, हे डॉक्टरांच्या कामाचं असतं.

चाचणी मराठीतच हवी, आणि दुभाष्या म्हणून सूनबाई नकोत. 'अहो आई, आत्ताच नाही का सांगितलं' एवढंही मदत ठरतं. तारखेऐवजी त्यांनी 'भाद्रपद, एकादशी' सांगितलं तर ती कॅलेंडरात पडताळून शेजारी लिहायला लावा. तिथी बरोबर सांगणाऱ्या माणसाला काळाचं भान नाही कसं म्हणणार?

उलटही होतं. निवृत्त प्राध्यापक 28 गुण मिळवतात आणि घरी गॅस चालू राहतो, वीजबिल दोनदा भरलं जातं. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत काय बदललं, हे घरच्यांना विचारणारी आयक्यूकोड प्रश्नावली सोबत भरा. तिच्यात शाळेचा फरक फारसा पडत नाही. माझ्या मते तिच्याशिवाय नुसती गुणपत्रिका बघूच नये, पण मत माझं.

नुकताच ताप, लघवीचा संसर्ग किंवा ऑपरेशन झालं असेल तर चाचणी पुढे ढकला. झोपेची, ॲलर्जीची, लघवीची औषधं पिशवीसकट दाखवा. बी-12 आणि थायरॉइड तपासलं नसेल तर तेही. आणि जाण्याआधी कानातला मळ काढून घ्या, यंत्र असेल तर नवा सेल घाला, जवळचा चष्मा विसरू नका.