सुगंधी झाडं लावली, तरी मधमाश्या का फिरकत नाहीत?

पुदिना, थाइम, रोझमेरी, लॅव्हेंडर लावलंय, सगळं हिरवंगार आहे, मग माश्या का येत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. मला वाटतं, मेख त्या ‘हिरवंगार’मध्येच आहे.

पुदिना सोडला तर यातली बाकीची झाडं मूळची भरपूर ऊन आणि हलकी, दगडगोट्यांची जमीन असलेल्या भागातली. लाड केले की पानं माजतात, वास फिका पडतो आणि फुलं येणं लांबतं. मीही सुरुवातीला हौसेने सारखं खतपाणी करायचे. लॅव्हेंडर मुळाशी कुजून गेलं, तेव्हा हात आवरला. आता मातीत तिसरा हिस्सा जाड वाळू असते, निदान 6 तास ऊन, आणि बोट खुपसून आतपर्यंत कोरडं लागलं तरच पाणी.

दुसरी चूक शेंडे खुडण्याची. तुळशीला मंजिरी दिसली की खुडायची, ही सवय आपण सगळ्याच झाडांना लावतो. पानं हवी असतील तर ठीक, पण माशी येते मकरंद आणि परागासाठी. मी प्रत्येक प्रकारातलं निम्मं खुडते, निम्मं फुलू देते. शिवाय मधमाशी एका फेरीत सहसा एकाच जातीची फुलं धरते. त्यामुळे दहा जातींचं एकेक रोप लावण्यापेक्षा दोन-तीन जातींचे दाट ताटवे करा.

जागा असेल तर सेज (साल्व्हिया, पुदिन्याच्याच कुळातलं सुगंधी झाड) जरूर लावा, निव्वळ बघण्यासाठी. माशी फुलात डोकं घालते, आतला दांडा ढकलला जातो आणि वरचा पुंकेसर तरफेसारखा झुकून तिच्या पाठीवर पराग टेकवतो. बारीक काडी घालूनही हे दिसतं. घरी कुणी आलं की मी हमखास हा खेळ दाखवते!

पुदिना मात्र कुंडीतच ठेवा, नाहीतर जमिनीखालून धुमारे काढत शेजाऱ्याच्या वाफ्यात जाऊन बसतो.

लॅव्हेंडरचा बहर ओसरला की हिरव्या भागातच छाटा. खालच्या जून लाकडाला सहसा फुटवा येत नाही.

मावा पडला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. उमललेल्या फुलांवर काहीच फवारू नका, कडुलिंबाचं तेलसुद्धा नाही.