तळघर ओलं असलं तरी आधी छतावर जा

इंग्लंडमधल्या बाथ शहरात 1790 च्या सुमाराचं घर, तळघराच्या मागच्या भिंतीला छातीपर्यंत ओल, आणि भिंतीत रसायन भरून वर सिमेंटचा वॉटरप्रूफ गिलावा करायचं कोटेशन. तुमचं हे सगळं वाचून पोटात खड्डाच पडला. नऊ वर्षांपूर्वी अशाच कोटेशनवर मी सही केली होती. कृपा करून तुम्ही करू नका.

विमा, सर्व्हे वगैरे तुम्हाला माहीत असेलच, ते सोडतो.

ही घरं पुढून एक आणि मागून एक असतात. इथल्या रॉयल क्रेसेंट या घरांच्या रांगेच्या मागच्या बाजूला एकदा जाऊन या. पुढे 30 घरांची 114 खांबांची अखंड चंद्रकोर, वास्तुविशारद धाकट्या जॉन वुडने 1767 मध्ये सुरू केलेली. मागे मात्र छपरं, खिडक्या, कशाचा कशाला मेळ नाही. वुडने दर्शनी भिंत आखून दिली, मागचं घर ज्याने त्याने आपल्या सोयीने बांधलं. आपल्यासारख्यांच्या साध्या रांगेतल्या घरांतही तेच. समोर घडीव बाथ दगड, मागे ओबडधोबड दगड आणि चुना. अशी भिंत पाणी पिते आणि चुन्याच्या सांध्यांतून ते परत सोडते. वाईच्या आमच्या वाड्याच्या भिंती पावसाळ्यात ओल धरायच्या आणि दिवाळीपर्यंत सुकायच्या. ते बघत वाढूनही इथे सही करताना मला ते आठवलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

कंपनीची दोन माणसं आली, भिंतीला यंत्र टेकवलं, ‘जमिनीतून चढलेली ओल’ म्हणाली. छतावर कुणी गेलंच नाही. ह्या घरांचं छप्पर पॅरापेटमागे, म्हणजे वर चढवलेल्या कठड्यामागे, लपलेलं असतं. दोन उतार आणि मधे शिशाचा पत्रा घातलेली पन्हळ, रस्त्यावरून दिसतच नाही. माझ्या पन्हळीचं तोंड पानांनी बुजलं होतं आणि पाणी मागच्या भिंतीत मुरत थेट खाली येत होतं. त्यात आधीच्या मालकाने बाहेरच्या दर्जा (दगडांमधले सांधे) सिमेंटने भरलेल्या, म्हणजे बाहेरची वाट बंद. आतली वाट मी पैसे देऊन बंद केली.

दोन वर्षं तळघर कोरडं दिसलं. मग वरच्या जेवणघराची जमीन भिंतीजवळ पायाखाली दबायला लागली. फळ्या उचलल्या तर भिंतीत रोवलेल्या, जमीन पेलणाऱ्या लाकडी कड्यांची टोकं भुगा झालेली. दुरुस्तीला मूळ कामाच्या सहापट खर्च आला.

वर परवानगीचा घोळ. आतल्या गिलाव्याला परवानगी लागत नाही, असं कंपनीने तोंडी सांगितलं आणि मी लेखी मागितलं नाही. घर लिस्टेड, म्हणजे संरक्षित इमारतींच्या सरकारी यादीत, असेल तर संरक्षण आतल्या भागालाही असतं. विनापरवाना काम हा गुन्हा ठरू शकतो, कारवाईला कालमर्यादा नाही, आणि आधीच्या मालकाने केलेलं काम सुधारायची नोटीस नव्या मालकालाही येऊ शकते. संबंधित कार्यालयाला मी तीन मेल केले, तिन्ही उत्तरांत तीच एक लिंक. माणसाशी एकदा बोलायला मिळालं असतं तर त्या कड्या वाचल्या असत्या. अजून राग येतो.

मी वास्तुविशारद नाही, वकीलही नाही. हे इंग्लंडपुरतं, स्कॉटलंड, आयर्लंडचे नियम वेगळे. पण माझं मत ठाम आहे: जो रसायन विकतो त्याच्याकडून ओलीचं निदान करून घेऊ नये. जुन्या घरांचा, चुन्याचं काम कळणारा स्वतंत्र सर्व्हेयर पैसे देऊन बोलवा. त्याआधी जोराचा पाऊस असताना मागच्या अंगणात उभे राहून वर बघा, पाणी कुठून ओघळतंय ते.

आणि हो, पुढेमागे कुणी सॅश, म्हणजे वरखाली सरकणाऱ्या, खिडक्या बदलायला सांगेल. तुटलेली दोरी बदलली आणि आतली वजनं नीट टांगली की त्या बहुतेक वेळा पुन्हा सरकतात. आतली लाकडी झडप रंगाने चिकटली असेल तर मोकळी करून रात्री लावत जा, थंडी बरीच अडते.

पन्हळीचे आणि मागच्या भिंतीच्या दर्जांचे जवळून काढलेले फोटो टाका, बघून सांगतो.