अॅपर्चरचा आकार: उजेडात नाही, धूसरपणात दिसतो

आधी एक गैरसमज काढून टाका. अॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक. ते गोल आहे की षटकोनी, यावर उजेड ठरत नाही. तो ठरतो क्षेत्रफळावर. क्षेत्रफळ तेवढंच असेल तर एक्स्पोजरही (फोटोला मिळणारा उजेड) तेवढंच.

आकार दिसतो तो फोकसबाहेरच्या दिव्यांमध्ये. लेन्स पूर्ण उघडी ठेवलीत की ब्लेड (भोक लहान-मोठं करणाऱ्या पात्या) बाजूला सरकतात आणि ठिपके गोल येतात. (फ्रेमच्या कडेला ते बदामासारखे चपटे होतात, कारण तिरपा येणारा उजेड लेन्सच्या नळकांड्यातच थोडा अडतो.) एफ/५.६ वर (एफचा आकडा मोठा, तितकं भोक लहान) तोच दिवा पुन्हा टिपा. ब्लेड सरळ कडांची असतील तर ठिपक्याला स्पष्ट कोपरे आलेले दिसतील. सहा ब्लेड, सहा कोपरे. वक्र ब्लेड असतील तर भोक लहान केलं तरी गोलाई जास्त टिकते, म्हणून पोर्ट्रेटसाठी लेन्स घेताना हे जरूर बघा.

एफ/१६ ला प्रखर दिव्याभोवती किरण फुटतात. ब्लेड सम असतील तर तेवढेच किरण, विषम असतील तर दुप्पट: सातचे चौदा.

हे हाताने करून बघाच. काळ्या कार्डपेपरला मधोमध १५ मिमीचा त्रिकोण कापा आणि तो ५० मिमी एफ/१.८ लेन्सपुढे घट्ट बसवा. अॅपर्चर पूर्ण उघडं, फोकस जवळच्या वस्तूवर, मागे लांबवर छोटे दिवे. प्रत्येक दिव्याचा त्रिकोण होईल. उजेड बराच घटेल, तेव्हा शटर हळू ठेवा. भोक २८ मिमीपेक्षा (५० ÷ १.८, म्हणजे लेन्सच्या स्वतःच्या भोकापेक्षा) मोठं कापलंत, तर मात्र आकार उमटणार नाही.